केसांच्या गोळ्या घेता का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला तर मुळीच नाही, कारण सुरुवात तिच्यापासूनच होते. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझं कपाळ महिन्या-महिन्याला मागं सरकत होतं. मी गुपचूप केस वाढायच्या गोळ्या सुरू केल्या. हसलात ना? हसा. मीही हसतो.

शुक्रवार पेठेतल्या एका लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. थायरॉईड तपासायचं नवीन मशीन आलं, तेव्हा पडताळणीसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. मी ऐटीत बाही वर केली. माझ्याहून कितीतरी जुन्या पद्माताईंनी रक्त काढलं, नळी मशीनला लावली. रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले — थायरॉईड असा भडकलेला, की मी वाळून काटकी व्हायला हवा होतो, हात थरथरायला हवे होते. आणि मी? दोन कडक भाकऱ्या शेंगाचटणीशी हाणून ढेकर देत उभा!

"नळ्यांची अदलाबदल झाली असणार," मीच म्हणालो. तेव्हा खरंच तसं वाटलं — शप्पथ.

पण संध्याकाळी मशीनचं माहितीपुस्तक चाळलं, आणि घामच फुटला. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन हे जीवनसत्त्व रक्तात असलं, की हे मशीन फसतं, नसलेला थायरॉईड दाखवतं. उरलेलं रक्त वेगळ्या पद्धतीच्या मशीनवर लावलं असतं, तर खरं काय ते लगेच कळलं असतं. पण मग गोळ्यांचंही कळलं असतं — आणि पेठेत बातमी सासुरवाडीला पोचायला किती वेळ लागतो?

मी ती नळी फेकून दिली.

गोळ्या बंद केल्या, चार दिवस टाळाटाळ केली, मग पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट एकदम छान — म्हणजे पहिली नळी बदललेलीच, नाही का? पद्माताई एवढंच म्हणाल्या, "आसंल की. माजंच लक्ष नसंल." डॉक्टरांनी त्यांना मशीनवरून काढून पुढं पेशंटचे फॉर्म भरायला बसवलं.

पुढं एका बाईंचा तसलाच रिपोर्ट आला. मी रुबाबात विचारलं, केसांच्या गोळ्या घेता का? त्या घेत होत्या. डॉक्टरांनी पाठ थोपटली, पेढे वाटले — आणि तो प्रश्न फॉर्मवर कायमचा आला. मी पेढे खाल्ले. दोन.

आता रोज सकाळी पद्माताई प्रत्येकाला विचारतात, "केसाच्या गोळ्या चालू हायत का? लाजू नका. आमच्या दादांनी शोधून काढलंय ह्ये, लई हुशार!" आणि माझ्या टकलाकडं बोट करतात. लोक हसतात. मीही हसतो.

नळी बरोबर होती, ताई. तुमचं लक्ष होतं.