वाळ्याच्या ताटीतल्या फ्लॉप्या

आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीची नागपुरात तीन ऑफिसं होती. मुख्य रामदासपेठेत, बाकीची लकडगंज आणि सक्करदऱ्याला. ऐंशीच्या दशकात मालकांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि मी त्यावर बिल्टी, म्हणजे कोणाचा माल कोणत्या ट्रकने गेला त्याची पावती, छापणारा प्रोग्रॅम केला. आता तो तिन्ही ऑफिसांत चालवायचा कसा? हेडक्लार्क म्हणाले, प्रोग्रॅम इथेच राहू द्या, बाकीचे फोनवरून मजकूर सांगतील. मी म्हटलं, लकडगंजचा फोन आठवड्यातून चार दिवस मेलेला असतो आणि उरलेले तीन दिवस त्यावर भलत्याच घरची लग्नं जुळत असतात. आणखी दोन कॉम्प्युटर घ्या, प्रत्येक ऑफिसला प्रोग्रॅमची एकेक फ्लॉपी द्या.

मालकांनी माझं ऐकलं. वर म्हणाले, "मे महिन्याच्या शेवटी लकडगंजला येऊन पाहतो. चाललं तर नोकरी पक्की, नाही तर पुन्हा शिकवण्या घे." शिकवण्यांचा मला मनापासून तिटकारा होता.

प्रोग्रॅम मशीनमध्ये राहत नसे, फ्लॉपीवरच असे. त्या काळ्या, पातळ, चौकोनी फ्लॉप्या वाटताना मी सगळ्यांना एकच ताकीद दिली, हिला गरम होऊ देऊ नका.

मालक येण्याच्या आदल्या दिवशी लकडगंजची फ्लॉपी चालेना. रामदासपेठेतली माझी स्वतःची पिशवीत घालून मी भर दुपारी सायकल हाणत तिथे गेले. तिथले बाबू भारी अगत्याचे. मी फ्लॉपी टेबलावर ठेवली, त्यांनी माठातलं पाणी दिलं. पेला खाली ठेवते तो टेबलावरची फ्लॉपी गायब! कूलरला वाळ्याची ताटी होती, तिच्या ओल्याचिंब गवतात ती खोचलेली. शेजारी त्यांची जुनीही होती.

"काहून ठेवली तिथे?" मी किंचाळले.

"तुमीच तर सांगितलं ना मॅडम, गरम होऊ देऊ नका म्हणून. उन्हातून आली बिचारी, तापून राहिली होती."

मी पुसली, वाळवली, पण दोन्ही कामातून गेल्या होत्या. राहिली सक्करदऱ्याची. तिथले म्हातारे कारकून रोज फोनवर "एकदम झकास चालून राहिलं" म्हणायचे, म्हणजे वापरून वापरून तीही झिजत आलेली असणार. रडकुंडीला येऊन मी तिथे पोचले.

त्यांनी कपाट उघडून कडुनिंबाच्या पाल्यातून फ्लॉपी काढली. पाकिटाची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. दोन महिने ते कार्बन लावून हातानेच बिल्ट्या लिहीत होते.

"मले ते मशीन येत नाही वं पोरी. बिघडली असती तर तुह्या नोकरीवर आलं असतं. म्हणून हातच नाही लावला."

मला संताप यायला हवा होता. मी तिथेच रडले.

दुसऱ्या दिवशी त्याच फ्लॉपीवर लकडगंजला बिल्टी खटाखट छापून निघाली. मालक खूश झाले, माझी नोकरी पक्की केली आणि सगळ्यांना म्हणाले, "सक्करदऱ्याकडून शिका. एक तक्रार नाही!" मी कूलरकडे बघत राहिले.

सोमवारी नवी फ्लॉपी घेऊन मी सक्करदऱ्याला गेले.

"पक्की झाली ना?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"कागद भेटला?"

"भेटला."

"मंग दे इकडे," म्हणत त्यांनी बाह्या वर सारल्या आणि खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली.