हिंगूळ लावलेले नट

सेनगावजवळच्या गोरेगावात माझी जीप होती तेव्हा मिस्तरी लोकांवर माझा काडीचाही भरवसा नव्हता. चिखलात गाडी कलंडू नये म्हणून मागची चाकं बाहेर सरकवणाऱ्या स्पेसरच्या जाड चकत्या बसवायला ती एका मिस्तरीकडं दिली. पण हा माझे नट बदलणार, या संशयानं पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लालभडक हिंगूळ आधीच एकेका नटाला फासला.

मिस्तरी म्हणाला, "चकतीनं जुने स्टड, नट आवळायचे बोल्ट, आखूड पडून राहिले. नट दोनच आट्यांवर बसतो. लांब स्टड टाका."

माल खपवून राहिला लेकाचा!

"काही नको, जुनेच बराबर हायेत," मी खेकसलो.

चौथ्या दिवशी सेनगावच्या रस्त्यावर मागचं चाक निखळून जीपच्या पुढं पळालं. चिखलातून नट वेचून पुसले. पाचही लाल, पाचही माझेच.