वांझ म्हणून लिहिलेले चार माड

माणूस आपल्या झाडाबद्दल खरं बोलतो यावर माझा विश्वास नव्हता, आणि अजूनही फारसा नाही. एकोणीसशे तीस सालाच्या आसपास मी रत्नागिरीला कचेरीत कारकून होतो. पूर्णगडाकडे जाणारा रस्ता मोटारींसाठी रुंद करायचं ठरलं, तेव्हा रस्त्यात जाणाऱ्या परसांतली झाडं मोजून त्यांची किंमत काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वरिष्ठांचं म्हणणं, हा कोकणातला, याला झाडांतलं कळतं. झाडांतलं मला कळत होतंच. माणसांतलंही कळतं असं मी समजत होतो, घोटाळा तिथे झाला.

काम असं होतं. प्रत्येक झाडाचं वय लिहायचं, वर्षाचं उत्पन्न लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं की हे झाड गेलं तर नवं लावून त्याला फळ धरेपर्यंत किती वर्षं जातील. त्या वर्षांच्या शिंपण्याचा नि खताचा खर्चही किमतीत धरला जाई. माडाचं वय काढणं सोपं. झावळी गळली की खोडावर वळ राहतो, वर्षाला साधारण बारा. उत्पन्न मात्र मालकालाच विचारावं लागे. फळच न धरणाऱ्या झाडापुढे 'वांझ' लिहायचं. त्याची किंमत नुसत्या लाकडाची.

पहिल्या आठवड्यात मला एकही खरा माणूस भेटला नाही. एका दुकानदाराने परसात हापूसची पंचवीस कलमं दाखवली. पानं टवटवीत, माती ओली. एक कलम मी चिमटीत धरून उचललं तर मुळ्यासारखं हातात आलं, आणि खाली मूळच नव्हतं. आंब्याच्या डहाळ्या तोडून जमिनीत खोचल्या होत्या. "पोरांचा उद्योग हो," तो म्हणाला. त्याला मूलबाळ नव्हतं. पुढच्या घरी एकाच फणसाचे दोन मालक निघाले, आणि दोघांनी सांगितलेले फणस त्या झाडावर लटकवले असते तर झाड तिथेच मोडून पडलं असतं. शनिवारपर्यंत माझं डोकं असं झालं होतं की कुणी पाणी विचारलं तरी वाटायचं, याचा कुठल्या झाडाशी संबंध आहे?

त्यानंतर ती म्हातारी भेटली. साठी ओलांडलेली, एकटी विधवा. मुलगा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला होता. घराला लागून चार माड, आणि तेवढ्यावर तिचं पोट. नारळ विकायची, झावळ्यांची झापं विणायची, पात्यांच्या काड्या म्हणजे हीर काढून त्यांचे खराटे बांधायची. हे सगळं मला शेजाऱ्याने आधीच सांगितलं होतं. चारही माड नव्या रस्त्यात जात होते.

"काकी, वर्षाला नारळ किती?" मी विचारलं.

"काय न्हाय रं बाबा. चारी माड वांज हायत. नुसती सावली."

मी वर पाहिलं. शेंड्यात एकही नारळ नव्हता, शहाळंसुद्धा नाही. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? तोडलेल्या नारळांच्या पेंडींचे, म्हणजे घडांचे, देठ अजून ओले होते. नारळ पाडणाऱ्या पाडेकऱ्याला चढायला खोडात खाचा पाडलेल्या असतात, त्या पाय ठेवून ठेवून गुळगुळीत झालेल्या. वांझ माडावर इतकं कोण चढतं? एका माडाला तर नवी पोय, म्हणजे फुलोरा, फुटून बाहेर आली होती. पडवीत पेंढ्याखाली काहीतरी उंच रचून ठेवलं होतं, आणि ती त्याच्यासमोरून हलत नव्हती.

"काकी, सरकार या झाडांचे पैसे देणार आहे. नारळ जास्त सांगितलेत तर पैसे जास्त मिळतील."

"सरकार दील? बरा सांगतोस! घेतलान तेवडा म्हायती हाय. दिलान कवा? आज मोजून नेशील नि उद्या माडामागं पट्टी बसवाल."

मी पुन्हा समजावलं. तिने पुन्हा नकार दिला. मग मला संशय आला. आठ दिवस सगळे वाढवून सांगत होते आणि ही एकटी कमी सांगते, म्हणजे हिच्या पोटात काहीतरी मोठं असणार. हिला कुणीतरी शिकवलंय. ती सांगते ते खोटं मी लिहीन आणि उद्या माझ्यावरच तक्रारीचा अर्ज जाईल. ही नुसती भ्यालेली आहे, हा साधा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात आठ दिवसांचे चोर भरलेले होते.

"खाचा कुणी पाडल्या मग? माकडांनी?" मी आवाज चढवून विचारलं.

तीही भडकली. "मना काय इचारतोस? तुज्या आयशीला इचार, माडाला किती लागतात ते!"

आई काढली म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," म्हणून मी चारही माडांपुढे 'वांझ' लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. अंगठा देताना तिच्या चेहऱ्यावर मला फसवल्याचं समाधान होतं, आणि मलाही तिला अद्दल घडवल्याचं.

घरी येऊन मी हा किस्सा आईला रंगवून सांगितला. आई हसेल अशी माझी कल्पना. आमच्या घरीही माळा नारळांनी भरलेला असताना कुणी विचारलं की आई म्हणायची, "यंदा माकडांनी काही ठेवलंन नाही हो." दृष्ट लागते, भाऊबंदांचे डोळे फिरतात, म्हणून आमच्याकडे कुणीच खरा आकडा सांगत नाही. हे मी जन्मापासून ऐकत आलो होतो.

आई हसली नाही. "मग तू काय लिहिलंस?"

"ती म्हणाली ते."

"तू माडाकडे बघायला गेलेलास, की तिच्या तोंडाकडे?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी चाचरत म्हटलं, की त्या चार माडांचं पुन्हा पाहायला हवं. वरचे कारकून म्हणाले, "अंगठा आहे ना? मग झालं." तिथे मी बोलायला हवं होतं, की मला दिसत होतं आणि तरी मी रागाने खोटं लिहिलं. पण तसं म्हटलं तर नोकरीवर आलं असतं. मी गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते.

माड पडले. पैसे वाटायच्या दिवशी मी टेबलाजवळ उभा होतो. कलमं खोचणारा दुकानदार खिसा चापचापत गेला. परसात खरी उभी असलेल्या त्याच्या दोन आंब्यांचेच त्याला बरे पैसे मिळाले होते. तिला लाकडाची किंमत मिळाली. तिने ते पैसे हातात धरले, पुढे गेलेल्या दुकानदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंजे खरंच देत व्हते?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. तिने पैसे पदराच्या टोकाला बांधले आणि वाटेला लागली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वर्षभराने मी त्याच नव्या रस्त्याने चालत जात होतो. तिच्या अंगणाची उरलेली पट्टी रस्त्याला चिकटलेली. ती खराटा बांधत बसली होती. हीर बहुधा कुणाकडून मागून आणलेले. मला पाहताच उठली आणि मोरीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिच्या मागे झापाच्या आडोशाला माडाची रोपं दिसत होती. सवयीने माझी नजर मोजून गेली: पाच, पाचही हिरवीगार, मोरीच्या पाण्यावर वाढलेली. माडाला फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. तिच्या तक्त्यात नव्या झाडाच्या वर्षांचा तो शेवटचा रकाना मी रेघ मारून कोरा सोडला होता, कारण वांझ झाडाच्या जागी नवं लावायचा खर्च धरत नसत.

"रोपं लावलीत वाटतं, काकी?" माझ्या तोंडून गेलं.

तिने पदर पसरून आडोसा आणखी झाकला. "मेली सगली. वालवी लागली. यक जगला न्हाय."

"होय," मी म्हणालो, "यंदा वाळवी फारच आहे." आणि मागे न बघता पुढे चालू लागलो.