बस सुटली आणि अब्बा राहिले

मुंबईच्या बसवर माझा राग आहे. आवडत नाही वगैरे सौम्य शब्द मला वापरायचे नाहीत. राग आहे, आणि इतक्या वर्षांत तो उतरलेला नाही.

माझ्या फुफीला, म्हणजे अब्बांच्या थोरल्या बहिणीला, मला सून करून घ्यायचं होतं. अब्बा तिच्या तोंडावर म्हणाले, "माझी पोरगी तुझ्या घरात राबायला नाय देणार." दोघं कर्जतमध्येच राहायची, पण त्यानंतर समोरासमोर आली की एकजण रस्ता बदलायचा. मग फुफी हजला निघाली. तेव्हा हजला बोटीनं जायचे. निघण्याआधी माणूस सगळ्यांची माफी मागतो, कधी दुखावलं असेल तर पोटात घाला म्हणतो. फुफी मोहल्लाभर फिरली, फक्त आमच्या दारात आली नाही. मुंबईला पोचल्यावर मात्र तिनं निरोप धाडला की भावाला धक्क्यावर पाठवा, त्यानं माफ केल्याशिवाय मी बोटीत कशी चढू?

"गावात व्हती तवा तोंड शिवलं व्हतं काय तिचं?" अब्बा दिवसभर धुसफुसले. दुसऱ्या दिवशी मात्र अम्मीच्या आणि माझ्या आधी तेच टोपी घालून तयार होते.

बोरीबंदरला गाडीतून उतरलो आणि धक्क्याकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत उभे राहिलो. आमच्याकडे एस.टी. आली की घरातला कर्ता पुरुष आधी बायकांना चढवतो, बोचकी आत देतो आणि मग बाहेरून खिडकीशी येऊन विचारपूस करतो. तोवर कंडक्टर विडी ओढतो, ड्रायव्हर चहा संपवतो. कर्ता माणूस चढल्याशिवाय गाडी हलत नाही. अब्बांनी मुंबईतही तेच केलं. आम्हाला चढवलं, फुफीसाठी आणलेल्या खाण्याचं बोचकं माझ्या हातात दिलं आणि खिडकीशी आले.

"बसाया जागा मिळाली काय गं?"

टण् टण् झालं आणि बस निघाली.

अम्मी ओरडली, मी ओरडले. अब्बा गज धरून चार पावलं धावले आणि मागे पडले. कंडक्टरनं तिकिटं फाडताना मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. "चढायचं सोडून खिडकीत गप्पा कसल्या मारतात? येतील मागच्या बसनं." बसमधली शिकलीसवरली माणसं हसली. त्या हसण्याला मी अजून माफ केलेलं नाही. उतरावं तर अब्बा दुसऱ्या बसनं पुढे निघून जातील, म्हणून आम्ही मुकाट बसून राहिलो.

धक्क्याशी उतरून थांबलो, पण मागच्या बसमध्ये अब्बा नव्हते. घाईघाईत त्यांनी त्याच नंबरची दिसली ती बस धरली आणि ती उलट्या दिशेला गेली. असलं शहर! जाणाऱ्या बसला जो नंबर, तोच येणाऱ्या बसला, आणि ते कळलं नाही तर माणूस गावंढळ.

धक्क्यावर फुफी गळ्यात हार घालून फाटकाशी उभी होती. तिनं अम्मीचे हात धरून माफी मागितली, मग माझी. सगळा वेळ नजर आमच्या खांद्यावरून मागे.

"अन् तो?"

"येत व्हते फुफी. बसमधी चढायचे राहिले."

"हजला निघालेल्या बाईशी तरी खोटं नको गं बोलूस," म्हणाली आणि आत गेली.

अब्बा घामाघूम होऊन पोचले तेव्हा बोटीची शिडी काढलेली होती.

फुफी परत आल्यावर तिनं घरोघर खजूर वाटला. आमच्याकडे दोन पुड्या आल्या. अम्मीनं सांगितलं, एक तिची, एक माझी. अब्बांनी दोन्ही हातात घेऊन बघितल्या.

"माझी नाय पाठवली?" त्यांनी विचारलं.