कच्च्या कुळथाचा कप्पा

कोंबडीचं खाद्य आधी स्वतःच्या तोंडात टाकून बघणारं माणूस मी एकच पाहिलं. मॅडम पोतं उघडायच्या, चिमूटभर भरडा जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटून चावायच्या आणि म्हणायच्या, "खवट नाही. घाला." पहिल्या दिवशी मी तोंडाला पदर लावून हसू दाबलं. त्यांनी ते पाहिलं. "मावशी, आपल्या जिभेला नको ते त्यांच्यापुढे कशाला ठेवायचं?" म्हणाल्या आणि माझ्याही तळहातावर चिमूट ठेवली.

भोईवाड्यामागे एका ट्रस्टच्या आवारात कोंबड्यांची लहानशी शेड होती. तिथलं झाडणं, दाणापाणी माझ्याकडे होतं. शिक्षण चौथी, आणि स्वभाव असा की चार माणसांत कुणी नाव विचारलं तरी मी झाडू घेऊन दुसरीकडे वळायची. मॅडम तिथे पीएचडीचा प्रयोग करायला आल्या. ब्रॉयलरच्या खाद्यात मक्याबरोबर सोयापेंड घालतात. ती थोडी कमी करून कडधान्य घातलं तर पिल्लं तशीच वाढतील का, हा त्यांचा प्रश्न होता. कडधान्यांतून त्यांनी कुळीथ निवडला. त्या माणदेशातल्या, म्हणून त्याला हुलगा म्हणायच्या. "आमच्या मालवणकडे त्याची पिठी करतात," मी एकदा धीर करून म्हटलं. "नुसतं सांगता काय, डबा आणा." मी आणला. त्यांनी पिठीभात शेडच्या पायरीवर बसून खाल्ला आणि डबा स्वतः घासून दिला. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलू लागले.

शेडमध्ये तीन कप्पे होते. एका दिवसाची पिल्लं आणून प्रत्येकात वीस-वीस सोडली. पहिल्याला सोयापेंडीचं खाद्य, दुसऱ्याला भाजलेल्या कुळथाचं, तिसऱ्याला कच्च्या कुळथाचं. मॅडमनी मला समजावलं, "दाण्यात प्रथिनं भरपूर आहेत. पण कच्चा असला की त्यातच असं काही असतं, जे ती पचू देत नाही. आच लागली की त्याचा जोर मोडतो." कुळीथ भाजायला मी लालबागला मसाल्याच्या भट्टीवर न्यायची. भट्टीवाला म्हणायचा, "काय मावशी, कोंबड्यांचे पण नखरे? उद्या फोडणी मागतील!" मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागू देत. तीही वजन करून देऊ."

वजनाशिवाय त्यांचं पान हलत नसे. सकाळी घातलेलं खाद्य काट्यावर, संध्याकाळी उरलेलं काट्यावर, दर सोमवारी पिल्लू न् पिल्लू काट्यावर. मी कधी "अंदाजे इतकं" म्हटलं की त्या म्हणायच्या, "अंदाज घरच्या भाजीत. इथे काटा."

तिसऱ्या आठवड्यात कच्च्या कुळथाच्या कप्प्यातली पिल्लं माझ्याने बघवेनात. शेजारची गुबगुबीत झाली होती, आणि ही किडमिडी, पिसं विस्कटलेली, मला पाहिलं की जाळीशी धावणारी. खाद्य पुढे असूनही अंगाला लागत नव्हतं. दुपारी मॅडम जेवायला गेल्या की मी पेंडीच्या पोत्यातल्या दोन मुठी त्यांना टाकायला लागले. भुकेल्याला मूठभर घातलं, त्यात वाईट ते काय, असंच मला वाटत होतं.

दोन सोमवारांनी मॅडमनी त्या कप्प्याचं वजन केलं आणि पुन्हा केलं. पिल्लांनी अंग धरलं होतं. मॅडमचे गाईड, मोठे सर, बघायला आले, खूश झाले. "म्हणजे कच्चा कुळीथही चालतो! शनिवारी मुरबाडचे पोल्ट्रीवाले येतायत, सांगून टाका त्यांना. भाजायची कटकटच नको."

मी मागे पाण्याचं एकच भांडं तिसऱ्यांदा घासत होते. त्या लोकांच्या शेडमध्ये हजारांनी पिल्लं असणार. त्यांना कच्चा कुळीथ घालतील, आणि दुपारी दोन मुठी टाकायला तिथे कुणी नसेल.

"मॅडम, त्यांना मी घातलंय."

"काय घातलंय?"

"पेंडीचं. रोज दुपारी. दोन मुठी."

सर हसले. "दोन मुठींचं काय एवढं! तो कप्पा सोडा, उरलेल्या दोनांवर लिहा. मुदत संपत आलीय तुमची."

"कच्च्याचं काय होतं, तेच तर लोक विचारतात, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वही घेतली आणि सगळ्या आठवड्यांवरून लाल रेघ मारली. खालचे आकडे वाचता येतील अशी. गिरगटून खोडलेलं त्यांना चालत नसे. "पुन्हा. पहिल्या दिवसापासून."

माझं काम गेलं असंच मी धरलं आणि पिशवी उचलली. "कुठे निघालात? उद्या लालबागला जायचंय. आणि मावशी, दया आली तर वहीत लिहायचं. हात आवरायचा."

"मला कुठे येतं लिहायला?"

"चौथीपर्यंत काय नुसत्या पाट्या फोडल्या?"

नवी पिल्लं आली. सहा आठवडे मी त्या तिसऱ्या कप्प्यासमोर हात मागे बांधून उभी राहिले. "आज एक पिल्लू कोपऱ्यात बसून आहे. मी काही घातलं नाही," असं लिहायची. काही दिवशी नुसतंच "घातलं नाही." शेवटी भाजलेल्या कुळथाची पिल्लं पेंडीवाल्यांच्या जवळपास पोचली, कच्च्याची मागेच राहिली. थांबवून ठेवलेली मुरबाडची माणसं पुन्हा आली तेव्हा मॅडमनी त्यांना सांगितलं, "कुळीथ घाला, पण भाजून. आणि पेंड सगळी काढू नका, थोडीच कमी करा."

त्या वाढलेल्या महिन्यांपायी गावाजवळची ठरलेली नोकरी त्यांच्या हातून गेली. हे मला फार नंतर सरांकडून कळलं. मॅडमनी ते कधी तोंडातून काढलं नाही.

जाताना त्यांनी ती लाल रेघेची वही माझ्या हातात दिली. "निम्मी पानं कोरी आहेत. वाया घालवू नका." रेघेखाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: "तिसऱ्या कप्प्यात दुसरं खाद्य गेलं. मावशींनी स्वतः सांगितलं. प्रयोग पुन्हा."

शेड आता नाही, तिथे गाड्या उभ्या असतात. मॅडम दूर विदर्भात शिकवतात असं ऐकते. त्यांच्या ओळींखालची पानं इतकी वर्षं मी कोरीच ठेवली होती. हे सगळं तिथेच लिहिते आहे. जिथे चुकलं तिथे खोडलेलं नाही. वाचता येईल अशी एक रेघ मारली आहे.