हात दाबा, काका

मणक्याच्या ऑपरेशननंतर एका वयस्कर पेशंटला, म्हणजे काकांना, न्यूमोनिया झाला, आणि त्यांना आमच्या आयसीयूत आणून व्हेंटिलेटरवर ठेवलं. मी तिथे भूलतज्ज्ञ. गुंगीत ठेवलेल्या माणसाचं दुखणं ओळखायचं कसं, यावर माझं संशोधन चालू होतं. घशात नळी असलेला पेशंट बोलू शकत नाही. कपाळावरच्या आठ्या बघायच्या, हात दाबायला सांगायचं. सांगायचं मात्र त्याच्या भाषेत.

"मराठी आहेत, मॅडम. तुम्हीच बघा," सिस्टर म्हणाली.

काका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, जन्म इथला, बेंगळुरूचाच. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दारातच मला सांगितलं, "डॉक्टर, स्वल्प जोरात बोला हं. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं."

मग मी रोज सकाळी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहायचे. "काका, दुखत असेल तर माझा हात दाबा." ते दाबायचे. औषध वाढवलं की बोटं सैल पडायची. माझं काम तेवढंच. पण मी थांबायचे.

दिवसभर माझं बोलणं इंग्रजीत, हिंदीत, नाहीतर मोडक्या कन्नडमध्ये. संध्याकाळी व्हाइटफील्डच्या फ्लॅटवर तेही नाही. आई गेल्यापासून सांगलीहून फोन येणं बंदच झालं होतं. काकांना मी आधी नुसतं बाहेरचं ऊन-पाऊस सांगायचे. मग पोह्यांतले शेंगदाणे करपले ते सांगितलं. मग एकदा आईबद्दल बोलायला लागले. ती गेली तेव्हा मी इथे कुणाला तरी भूल देत होते. ऑपरेशन संपल्यावर फोन पाहिला. हे मी कुणाशीच बोलले नव्हते.

काकांनी हात दाबला. मी औषधाचा पंप तपासला. डोस पुरेसा होता.

हळूहळू फुप्फुसं सुधारली, नळी निघाली आणि त्यांना वॉर्डात हलवलं. मी भेटायला गेले तर काकू त्यांना इडली भरवत होत्या. काकांनी मान वर केली. "येस, डॉक्टर?"

"काका, ओळखलंत का?"

त्यांनी काकूंकडे बघितलं. "अरे, मराठी होय तुम्ही! कुठल्या?"

"सांगलीची."

"वा! मला त्या आयसीयूतलं काही म्हणजे काही आठवत नाही बघा."

"बरंच झालं की ते," काकू म्हणाल्या.

"हो, बरंच झालं," मी म्हटलं. खरंही होतं ते. काही आठवू नये म्हणूनही ती औषधं असतात. नातेवाइकांना मीच तसं समजावून सांगते. तरी मी उगाचच त्यांची सलाईन नीट करत तिथे थोडा वेळ उभी राहिले.

पुढे काकूंनी आग्रहानं एका रविवारी जेवायला बोलावलं. काका काठी घेऊन दारापर्यंत आले. पाठीचं दुखणं बरंच कमी झालं होतं. जेवताना त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी एकटीच."

"असं होय," ते म्हणाले आणि आपल्या कारखान्यातल्या गमती सांगू लागले. रंगवून सांगत होते. मी ऐकत राहिले, हसलेही. काकूंनी आणखी भात वाढला.

"पुन्हा या हं, मॅडम," निघताना काका म्हणाले.

मी हो म्हटलं. नंतर माझं जाणं झालं नाही.