डावीकडचा आरसा

गादीवाल्यांच्या पिकअपला आरसे दोन होते, पण त्यातला एकच त्यांचा होता. डावीकडचा बायकोचा. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण तेवीस वर्षं त्या गाडीत हाच कायदा चालला आणि गाडीही चालली.

गादीवाले म्हणजे कारखान्यातून गाद्या उचलून दुकानांत आणि घरोघरी पोचवणारे. गादी हा माल वजनाला हलका आणि आकाराला आडमाप. बारा-चौदा गाद्या उभ्या करून दोरी आवळली की मागची काच पार झाकून जाते, आणि मग मागचं जे काही दिसायचं ते बाजूच्या आरशांतूनच. त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा बायको पहिल्या दिवसापासून शेजारच्या सीटवर येऊन बसली. मुलगी शाळेत गेल्यावर घरी भिंतींशी बोलू का, म्हणाली. पहिल्या आठवड्यात तिने इतकी बडबड केली की गादीवाले वैतागून म्हणाले, "बसलीच आहेस तर जरा डावीकडे लक्ष ठेव." तिने ते मनावर घेतलं. तिच्या जागेवरून आरशात रस्ता दिसेना, म्हणून तिने खिडकीतून हात बाहेर काढून काच स्वतःकडे वळवून घेतली. गादीवाल्यांनी ती परत फिरवली. तिने पुन्हा वळवली. दोन दिवस हा खेळ चालला आणि तिसऱ्या दिवशी गादीवाल्यांनी हात टेकले. घरात तरी ते दुसरं काय करत होते.

तेव्हापासून डावीकडे वळायचं असलं की ते आरशाकडे बघतच नसत. बायकोच्या तोंडाकडे बघून नुसतं "हं?" म्हणत. ती "थांबा" म्हणायची नाहीतर "चला". कडाक्याचं भांडण झालेलं असो, दोन-दोन दिवसांचा अबोला असो, या दोन शब्दांना सुट्टी नव्हती. घराची गल्ली इतकी अरुंद की पाण्याची टाकी आणि शेजाऱ्यांचा जिना यांच्यामधून आत शिरताना दोन्ही आरसे मिटून घ्यावे लागत. उजवा ते मिटत, डावा ती. कोणी कोणाला सांगावं लागत नसे.

सात महिन्यांपूर्वी ती दुपारी जेवण झाल्यावर छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणून आडवी झाली आणि उठलीच नाही.

भेटायला आलेल्यांनी गादीवाल्यांना पुष्कळ उपदेश केला. मन रमवा, कामाला लागा. हे सांगायला काही लागत नाही, चहा पिता पिताही सांगता येतं. गादीवाले कामाला लागलेही. पण डावीकडे वळायची वेळ आली की मान आपोआप शेजारच्या सीटकडे जायची, आणि तिथे कोणी नसायचं. आरशाकडे बघावं तर त्यात रस्त्याकडेची कुंपणं आणि दुकानांच्या पाट्या दिसत, कारण काच अजून तिच्याच बाजूला वळलेली होती. ती आपल्याकडे फिरवून घेणं हे एका हाताचं काम. ते त्यांच्याकडून होईना. एकदा फडक्याने पुसताना काच जराशी हलली असं वाटलं, तर त्यांनी तिच्या सीटवर बसून, मान तिच्याइतकी खाली घेऊन, काच पूर्वीसारखी करून ठेवली.

पहिल्या महिन्यात गाडीची डावी बाजू कारखान्याच्या फाटकाला घासली. मग एका हातगाडीला. मग एका संध्याकाळी, डावीकडे वळताना, कामावरून घरी निघालेल्या एका नर्सबाईंच्या सायकलला. बाई पडल्या, तळहात सोलवटले. गादीवाले धावत गेले, सायकल उचलली, पाणी दिलं, दवाखान्यात चला म्हणून हात जोडले. बाईंनी दवाखान्याला नाही म्हटलं. रुमाल हाताला गुंडाळत त्या एवढंच म्हणाल्या, "आरसा लावलाय ना गाडीला? मग बघत का नाही?"

 याचं उत्तर रस्त्यावर उभं राहून देण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी डावीकडे वळणंच सोडलं. कुठेही जायचं झालं तरी ते उजवीकडची वळणं जोडत जोडत, सगळा भाग पालथा घालून पोचायचे. शेजारच्या आळीतली गादी पोचवायला पाऊण तास. दुकानदार आधी हसले, मग चिडले. कारखान्याच्या मालकीणबाई स्वभावाने चांगल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांनी रागावण्याऐवजी आवाज मऊ करून विचारलं, "काका, आता थोडा आराम का करत नाही तुम्ही?" आराम करा असं माणूस कधी म्हणतो, हे गादीवाल्यांना कळत होतं. दुसऱ्या पिकअपवाल्याशी बोलणंही झालं होतं. महिनाअखेरपर्यंत माल वेळेवर पोचला नाही तर काम त्याला जाणार होतं.

आणि काम गेलं म्हणजे गाडी गेली. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं, आणि का ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. घरात ती नाही हे त्यांना पटलं होतं. कपाट रिकामं झालं, अंथरूण एक झालं, पटलं. पण गाडीत बसून दार ओढून घेतलं की डावीकडची बाजू अजून तिची वाटे. तेवढी एकच जागा उरली होती.

मुलगी दुसऱ्या गावात औषधांच्या दुकानात कामाला होती. गेल्या खेपेला ती आली तेव्हा तिने बाबांना गल्लीच्या तोंडाशी पाहिलं. ते गाडी थांबवून उतरले, दुखऱ्या गुडघ्यांनी पुढून वळसा घालून डावीकडे गेले, आरसा मिटला, परत वळसा घालून चढले, गाडी आत घेतली आणि आरसा उघडायला पुन्हा उतरले.  बाबांचा उशीर, गाडीवरचे ओरखडे, मालकीणबाईंचं बोलणं, या सगळ्याचं मूळ हेच असणार असा तिने हिशेब मांडला. हिशेब चुकला होता, पण प्रेमाने मांडला होता, त्यामुळे कोणाला दुरुस्त करता येईना.

पुढच्या सुट्टीला ती एक खोकं घेऊनच आली. "विजेवर चालणारे आरसे आहेत, बाबा. बटण दाबलं की दोन्ही आपोआप मिटतात. काचसुद्धा बटणानेच फिरते. तुम्हाला उतरायलाच नको."

"जुने चांगले आहेत की."

"जुने चांगलेच आहेत. गुडघे चांगले नाहीत."

"बॅटरी उतरेल."

"नाही उतरत."

"त्या फ्यूज मिस्त्रीला वेळ नसेल."

"मी कालच विचारलंय त्याला. सकाळी नऊला बोलावलंय."

मुलगी आईवर गेली होती. गादीवाल्यांनी हात टेकले.

फ्यूज म्हणजे गाड्यांची वायरिंग करणारा मिस्त्री. डोकं पटकन उडायचं म्हणून हे नाव पडलं होतं आणि आता त्याच्या दुकानाच्या पाटीवरही तेच होतं. त्याने आधी उजवा आरसा बदलला, मग डाव्या दाराचं आतलं कव्हर काढलं. दाराच्या पोकळीत, काच खाली जाते त्या फटीतून पडलेला एक कंगवा निघाला. हा कंगवा तुम्हीच हरवलात म्हणून बायकोने गादीवाल्यांशी आठवडाभर अबोला धरला होता, आणि ते साऱ्या बाजाराला माहीत होतं. "घ्या, तुमची सुटका झाली," फ्यूज म्हणाला, आणि गादीवाल्यांचा चेहरा पाहून त्याने कंगवा फडक्याने पुसून त्यांच्या हातात ठेवला.

मग त्याने तीन नट सोडवले आणि जुना डावा आरसा दारापासून वेगळा झाला. फ्यूजने तो जमिनीवर पोत्यावर ठेवला. गादीवाले त्याच्याकडे बघत उभे राहिले. आता त्या काचेत दुकानाचं छप्पर दिसत होतं.

वायरी दाराच्या रबरी नळीतून आत गेल्या, स्टिअरिंगजवळ बटण बसलं, दोन्ही आरसे एकदा मिटून उघडले. मुलीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. फ्यूज म्हणाला, "बसा काका, काच लावून घेऊ. कुठवर हवी ते सांगा." गादीवाले आपल्या जागेवर बसले, फ्यूज खिडकीतून हात घालून बटण दाबू लागला. मोटरीचा बारीक आवाज येऊन काच हलली.

"बाहेर घे," गादीवाले म्हणाले. "आणखी बाहेर. आणखी थोडी. बस."

फ्यूज थांबला. "काका, उतरा जरा." तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि आरशात वाकून बघू लागला. "इथून तर समोरच्या पंक्चरवाल्याचं दुकान दिसतंय. रस्ता कुठाय?"

"असू दे."

"असू दे कसं? कोणी मरेल ना." त्याचं डोकं उडालं होतं. पण बोलता बोलता तो आतल्या आत डाव्या सीटवर सरकला, आणि तिथून त्याला आरशात गाडीची बाजू, मागचं चाक आणि त्यामागचा सगळा रस्ता स्वच्छ दिसला.  काका-काकूंना त्याने वर्षानुवर्षं बाजारात पाहिलं होतं. खाली उतरून तो हळूच म्हणाला, "इथे काकू बसायच्या."

गादीवाल्यांनी मान हलवली.

"म्हणजे सात महिने तुम्ही..." मुलीचा आवाज चढला.  "डावीकडचं काही दिसत नसताना चालवताय? सात महिने?"

तेव्हा गादीवाल्यांनी नर्सबाईंचं सांगितलं. उजव्या वळणांचं सांगितलं. मान खाली घालून, एखादी चोरी कबूल करावी तसं. मुलगी ऐकत होती आणि तिचे डोळे भरत होते, पण आवाज खाली येत नव्हता. "किल्ली द्या, बाबा. गाडी इथेच राहू दे. कोणाचा जीव गेला असता तर? आईला हे चाललं असतं?"

गादीवाल्यांनी खिशातून किल्ली काढली. हातात धरून ठेवली. "काच माझ्याकडे फिरवली की ती संपली," ते म्हणाले. "मला माहीत आहे हा वेडेपणा आहे. पण मला तसं वाटतं."

मुलीचा राग तिथेच विरघळला.  फ्यूजला अशा वेळी कधीच काही सुचत नसे. त्याने आपलं काम तेवढं केलं. गादीवाल्यांना हाताला धरून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, त्यांचं बोट बटणावर ठेवलं आणि म्हणाला, "तुम्हीच फिरवा, काका. तुमच्या हाताने."

बराच वेळ बोट नुसतं टेकलेलं होतं. मग दाबलं गेलं. काच आत वळू लागली. पंक्चरवाल्याचं दुकान सरकून गेलं, रस्ता आला, तोही सरकून गेला, कारण बोट उचलायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. गाडीचं दार आलं, खिडकी आली, आणि खिडकीतून डाव्या सीटची पाठ दिसली. त्यांनी पटकन हात काढला. आरशातही ती जागा रिकामीच होती. मान वळवून बघितलं तर जशी दिसायची तशीच. ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग बोट बटणाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन, काच हळूहळू मागे घेत, रस्ता बरोबर मधोमध आल्यावर थांबले.

"वळून दाखवा," मुलगी म्हणाली. "मी बसते शेजारी. जमलं तर किल्ली तुमची. नाही जमलं तर माझी."

ती आईच्या जागेवर बसली. गाडी दुकानातून बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत आली. डावीकडे वळायचं होतं. गादीवाल्यांनी ब्रेक दाबला, मान डावीकडे वळवली आणि मुलीच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "हं?"

मुलीने आरशात बघितलं. त्यात तिला तिच्या बाजूचं दार आणि स्वतःचाच खांदा दिसला.

"मला इथून काही दिसत नाही, बाबा," ती म्हणाली. "आता तुम्हालाच दिसतंय."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. गादीवाल्यांनी नजर तिच्या तोंडावरून काढली आणि आरशात घातली. एक सायकलवाला येत होता. त्यांनी त्याला जाऊ दिलं. त्यामागे एक स्कूटर होती, तीही गेली. मग रस्ता रिकामा झाला. ते वळले, कुठे घासलं नाही, धक्का बसला नाही, गाडी सरळ झाली आणि पुढच्या रस्त्याला लागली.

थोडं पुढे जाऊन त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मुलीने पाठीवर हात ठेवला. "छान वळलात, बाबा. इतकं सोपं तर होतं."

"हो ना," गादीवाले रडत म्हणाले, "इतकं सोपं होतं."